दोन हातांची दोन मापं

"बहीण खाल्लीस, आता माझ्या घराकडं बघून राहिलीस का?"

हिंगोलीतल्या एका वकिलाच्या बायकोनं हे मला ऐकवलं. घराच्या मधल्या खोलीत, पंधरा-वीस बायकांसमोर. तिच्या मुलीचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं आणि मी नवरीला हिरव्या बांगड्या भरायला गेले होते.

मी हिंगोलीजवळच्या गोरेगावची मन्यारीण. बांगड्या भरणं हे आमचं पिढ्यानपिढ्यांचं काम. त्या घरी आधी माझी सासू जायची, तिच्यामागं मी. तिथं बायका सतरंजीवर बसतात, माझ्यासाठी दाराजवळ पोतं अंथरतात. त्यांना चहा कपबशीत, मला कागदाच्या कपात. हात मात्र माझा चालतो. तास तास माझ्या हातात हात देऊन बसतात, सासूची गाऱ्हाणी सांगतात. बांगड्या भरून झाल्या की नवरी बांगडीवालीच्या पाया पडते, ही रीतच आहे. तेवढ्या एका मिनिटापुरती मी मोठी. मग पुन्हा पोत्यावर.

त्या दिवशी नवरीचे दोन्ही हात भरून झाले होते. ती वाकणार तेवढ्यात वकिलीणबाई म्हणाल्या, "थांब, काकूचंबी होऊ दे. मग पड पाया." काकू म्हणजे त्यांची धाकटी जाऊ. चाळिशीतली, कमी बोलणारी बाई. पुढं येऊन बसली. उजव्या हातात दोन-चारचं माप सहज गेलं. मग मी तिचा डावा हात धरला आणि माझ्या बोटांना कळलं. पंजा गच्च भरलेला, कातडी ताणलेली, अंगठ्याच्या बुडाशी दाबलं तर खड्डा तसाच राहिला. दोन-चार जाईना. त्याहून मोठं दोन-सहाही जाईना. तिनं मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, "ह्या हाताला मोठं दे."

असा हात मी आधी धरलेला होता.

मी आवाज खाली केला. म्हटलं, "काकू, छातीत न्हाईतर काखेत गाठ हाय का? दुखत नसंल तरी सांगा. माझ्या आपाचं, थोरल्या बहिणीचं, असंच झालं व्हतं. तुमी चला, मी संगं येते दवाखान्यात."

काकूचे डोळे भरले. तिनं तोंड उघडलं होतं, मी शपथेवर सांगते, ती बोलणार होती. पण वकिलीणबाईंच्या कानावर गेलं. त्या पुढं झाल्या, जावेच्या हातावर तिचाच पदर ओढला आणि मला ते बहीण खाल्ल्याचं बोलल्या. वर म्हणाल्या, "शुभकार्यात मरणाचं नाव काढतीस? तुमच्यात चालत असंल. उचल तुझं आन् निघ." पायानं माझी पेटी दाराकडं सारली. आतली काच वाजली.

मी उचललं. नवरी तशीच बसून राहिली, पाया पडलीच नाही. मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं तेव्हा मागं कुणीतरी माझ्या जागेवर पाणी टाकत होतं.

माझं तोंड काही कमी नाही. गोरेगावच्या बाजारात कुणालाही विचारा. माप चुकवणाऱ्याला मी चार माणसांत उभं करते. पण त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. कारण ते वाक्य मला खोटं वाटलं नाही. माझ्या मनात मी ते स्वतःला रोज म्हणत होते.

आपा माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच माझी वेणी घातली, हिनंच भाकरी थापायला शिकवलं. तिला केळीच्या बागांच्या डोंगरकड्याला दिलं होतं. दर ईदच्या आधी ती माहेरी यायची आणि तिचे हात मी भरायची. तिचं माप मला तोंडपाठ होतं. दोन-चार, दोन्ही हातांना.

एका रमजानच्या ईदला डाव्या हातात दोन-चार गेलं नाही. मी दोन-सहा काढलं. आम्ही घरात दखनी बोलतो. मी हसून म्हटलं, "क्या गे आपा, डोंगरकड्याके केळे बराबर लगे तेरेकू!"

"डाल गे तू. बात नक्को कर," ती म्हणाली.

बकरी ईदला त्याच हातात दोन-सहाही अडकलं. मी दोन-आठ काढलं. पुन्हा केळ्यांवरून चिडवलं. ती माझ्याकडं बघत राहिली. बराच वेळ. मला वाटलं, रागावली. दारात गिऱ्हाइकं उभी होती, सणाचा धंदा होता. मी तिचा हात सोडला आणि दुसरा धरला.

मला एवढंच शिकवलेलं होतं की हात वाढला तर माप वाढवायचं. हात का वाढला, तोही एकच का वाढला, हे आमच्या धंद्यात कुणी विचारत नाही. सगळ्या जगात आपाच्या हाताचं माप मला एकटीला ठाऊक होतं. ते दोनदा बदललं आणि दोन्ही वेळा मी नुसती मोठी बांगडी दिली. वर हसले.

गाठ वर्षभर होती. दुखत नव्हती म्हणून झाकली होती. नवऱ्याला सांगायची लाज, जावांना सांगायची लाज. मला सांगायला आली असेल. मी तिला केळी खाऊ घालत होते.

जखम वाहायला लागली तेव्हा नांदेडला नेलं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी हात वर करून बघितला. रागावल्या नाहीत, नुसतं विचारलं, "एवढा हात सुजला, घरात कुणाला दिसला नाही का?" मी पलंगाला धरून उभी होते. मला दिसला होता. मापासकट दिसला होता.

त्या हातातल्या बांगड्या निघेनात. सिस्टर म्हणाली, कापाव्या लागतील. म्हटलं, तुम्ही राहू द्या. मी रुमाल घेतला, एकेक बांगडी रुमालात धरली आणि दाबली. आमच्याकडं बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. अशुभ शब्द तोंडात येऊ नये म्हणून. त्या दिवशी मी त्या फोडल्या, आणि फोडल्या असंच म्हणते. आपा माझ्याकडं बघत होती. तशीच, बकरी ईदला बघितलं होतं तशी.

सात महिन्यांत ती गेली.

चाळिसाव्या दिवशी जेवणं झाली. फातेहा पढून झाला. लोक म्हणाले, तिच्या नावानं काही तरी सवाबाचं, पुण्याचं काम करा. कुणी म्हणालं मशिदीत पंखा लावा. मी म्हटलं, मला पंखा नको. माझ्या हातात बायांचे हात येतात. डॉक्टरकडं जात नाहीत त्या बाया माझ्याकडं येतात. हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात एका सिस्टरच्या मागं लागले. तिनं शिकवलं. गाठ कशी चाचपायची, काखेत कुठं बघायचं, छातीच्या बोंडातून पाणी येतं का ते कसं विचारायचं. आणि एक गोष्ट तिनं तीनदा सांगितली. हात सुजेपर्यंत थांबायचं नसतं. हात सुजला म्हणजे पुष्कळदा उशीर झालेला असतो.

मग मी आपाच्या नावाच्या बांगड्या सुरू केल्या. जी बाई माझ्यासोबत तपासायला येईल, तिचे हात मी आपाच्या नावानं भरणार, फुकट. दर मंगळवारी जीपमध्ये दोन-तीन बाया घेऊन निघायचे. नातेवाईक हसले. "डाक्टरनी हो गई हमारी मन्यारन," म्हणाले. हसू दे म्हटलं.

फार मोठं काम झालं असं सांगणार नाही. बऱ्याच बाया नुसत्या बांगड्यांसाठी हो म्हणायच्या. काहींच्या गाठी साध्या निघाल्या, त्या रडून हसल्या. कनेरगाव नाक्यावर ढाब्याच्या भट्टीवर रोट्या करणारी एक बाई होती, तिची गाठ माझ्या बोटांना खड्यासारखी लागली. तिला जीपमध्ये बसवलं. दवाखान्याच्या फाटकापाशी ती उतरली आणि म्हणाली, "आपा, मला भेव वाटून राहिलं. कापतील. मग नवरा ठेवंल का मला?" मला सगळ्या बाया आपा म्हणायला लागल्या होत्या. मी तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला आणि परतीच्या जीपमध्ये बसली. पुन्हा नाक्यावर गेले तर भट्टीवर दुसरीच बाई होती. तिचं काय झालं ते मला आजही माहीत नाही.

आणि मग ते लग्नाचं घर.

त्या घरातून निघाले त्या दिवसापासून मी विचारणं बंद केलं. हिंगोलीतल्या चांगल्या घरांनी मला बोलावणं सोडलं. त्या बाईच्या तोंडाला लागू नका, नजर वाईट आहे, असं झालं. नवरा म्हणाला, "चूड्या बेच. दवाखाना नक्को बेच." मी बांगड्या विकत राहिले. हात धरायचा, भरायचा, सोडायचा. मंगळवारी घरी बसायचे.

काकू त्याच घरात राहायची. जीप त्याच रस्त्यानं जाते. मी एकदाही उतरले नाही. दुपारी वकिलीणबाई झोपलेल्या असतात हेही मला ठाऊक होतं. मागच्या दारानं जाऊन काकूला हाक मारता आली असती. मी मारली नाही. माझा अपमान मी तिच्या जिवापेक्षा मोठा करून ठेवला. आपाच्या वेळी मला कळत नव्हतं, असं तरी म्हणता येईल. काकूच्या वेळी कळत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात सकाळी फोन आला. वकिलीणबाईच होत्या. "हिरव्या बांगड्या घिऊन ये. सगळी मापं आण. लवकर."

गेले. दारात माणसं उभी होती, अंगणात बांबू पडलेले. मला मागच्या दारानं आत घेतलं. मधल्या खोलीत काकूला अंघोळ घालून निजवलं होतं. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. नवऱ्याआधी गेली, सवाष्ण गेली, म्हणून हातभर चुडा पाहिजे. उजवा हात घरच्यांनी भरला होता. डावा पदराखाली होता. आजही.

मी पदर बाजूला केला. खांद्यापासून बोटांपर्यंत हात एकसारखा झाला होता. मनगट कुठं ते कळत नव्हतं. आज मला कुणी पोतं दिलं नव्हतं. मी फरशीवर बसले, तिचा हात मांडीवर घेतला, साबणाचं पाणी लावलं. दोन-आठ. नाही. दोन-दहा. नाही. माझ्या पेटीत त्याच्या पुढं माप नव्हतं.

"न्हाई जात," मी म्हटलं.

वकिलीणबाई माझ्यावर वाकल्या. "दोन तरी चढव. लोक बघून राहिले. दाब ना. तिला काय आता दुखून राहिलं?"

माझ्या हातात काकूचा थंड अंगठा होता. तो मी आत वळवला असता, जोर लावला असता, तर एखादी गेली असती. पंचवीस वर्षं हेच करत आले. दाबायचं, सरकवायचं, वर म्हणायचं, बघा कसं शोभून दिसतंय.

"न्हाई दाबणार," मी म्हटलं.

"काय?"

"न्हाई दाबणार. ह्या हातावर तुमी लग्नात पदर ओढला व्हता. तवा हात जिता व्हता. तवा मी विचारलं, तुमी मला हाकललं, आन् मी गप निघून गेले. तुमी झाकलं, मी गप बसले. दोघींनी मिळून मारली हिला. आता बांगडी घालून कुणाला दाखवता?"

खोलीतलं रडणं थांबलं. लग्न झालेली ती नवरी भिंतीला टेकून उभी होती, ती माझ्याकडं बघत होती. मी पदर पुन्हा टाकला नाही. हात तसाच उघडा ठेवला. म्हटलं, "बघा समद्याजणी. नीट बघा. माझ्या बहिणीचा हात असाच झाला व्हता. आन् मी तिला मोठं माप दिलं."

"हिला बाहेर काढा," वकिलीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला होता. दोघींनी माझ्या दंडाला धरलं. मी ओढाताण केली नाही. पेटी या वेळी माझी मीच बंद केली. निघताना मागं बसलेल्या एका बाईचा हात स्वतःच्या पदराखाली गेलेला दिसला, छातीपाशी. कोण होती माहीत नाही. मला विचारू दिलं नाही.

काकूचा डावा हात मोकळाच गेला.

त्या घरात मला पुन्हा बोलावणार नाहीत. आणखी दहा घरं बोलावणार नाहीत. माझ्यानं कुणी वाचलं का, मला सांगता येत नाही. आपा आणि काकू तर नाहीच.

पण मंगळवारची जीप पुन्हा सुरू केली आहे. आता बांगडी नंतर, प्रश्न आधी. सुतकात असो, लग्नात असो, नवरीच्या आईसमोर असो. मोठ्यानं विचारते. कुजबुजत नाही. ज्यांना चालत नाही त्यांनी पोतं गुंडाळावं.

आणि एखादी बाई डावा हात पुढं करून म्हणाली, ह्या हाताला मोठं दे, तर मी पेटी बंद करते, म्हणते आधी दवाखान्यात चल. पाया पडली तरी, शिव्या दिल्या तरी. दोन हातांना दोन मापं माझ्याकडं मिळणार नाहीत.