वाघिणीची तीट

माझ्या कामात कोणी खोट काढली की माझं मस्तक फिरायचं. अजूनही फिरतं, खोटं कशाला बोलू? पण तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, चांद्याला काकाच्या फोटो स्टुडिओत कामाला होतो, आणि माझ्यासारखा हात गावात कोणाचा नाही असं लोकच म्हणायचे. हात म्हणजे पेन्सिलीचा हात. तेव्हा आमच्याकडे फोटो काचेवर निघायचा. त्या काचेवर बारीक टोकाची पेन्सिल फिरवली की छापलेल्या फोटोतला काळा डाग नाहीसा व्हायचा. तीळ, देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं मी बुजवायचो. लग्नाच्या पोरींचे फोटो पाहुण्यांकडे जायचे ते माझ्या हाताखालून. एकही पोरगी डाग घेऊन गेली नाही, याचा केवढा माज होता मला!

त्या उन्हाळ्यात मोहर्लीच्या जंगलात मोहफुलं वेचायला गेलेली एक बाई वाघिणीनं मारली. जंगलसाहेबांनी शिकारी बोलावला. पण त्या भागात वाघिणी दोन, आणि पाणी उरलेलं एकाच डोहात. वाघांचा माग काढणारा एक म्हातारा गोंड होता, सारे त्याला भाऊ म्हणत. तो साहेबांना पोटतिडकीनं सांगत होता की बाई मारली ती नाल्यापल्याडच्या वाघिणीनं. अल्याडची गरीब आहे, तिला दोन पिल्लं आहेत, अजून अंगावर पितात. साहेब म्हणाले, "शिकाऱ्याला दोघींतला फरक कसा कळणार? अल्याडचीचा फोटो आणा. तो पाहून शिकारी तिला सोडून देईल."

ते काम मला मिळालं. फोटो चांगला आला तर पुढच्या दौऱ्यांना तुलाच नेतो, असं साहेब म्हणाले होते. मी हवेतच! भाऊसोबत तीन दिवस पहाटेपासून मचाणावर बसलो. तिसऱ्या दिवशी, उन्हं वर आल्यावर ती आली. पाणी प्याली, तोंड वर केलं आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. भाऊनं माझा गुडघा दाबला. हीच ती. मी खटका दाबला.

चांद्याला येऊन काच धुतली. वाघिणीचा चेहरा असा उमटला होता की काकानं काच पुन्हा पुन्हा उजेडाला धरून पाहिली. डाव्या डोळ्यावर, दोन पट्ट्यांच्या मधे, एक गोल ठिपका होता, छाप्यात काळा उमटणारा. मला वाटलं, काच धुण्याच्या औषधाचा डाग असेल. खरं तर काही वाटलंसुद्धा नाही. हात आपोआप गेला, ठिपका बुजवला आणि दोन छापे काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं मोहर्ली गाठलं. एक छापा शिकाऱ्याला दिला. त्यानं माझी पाठ थोपटली आणि तो खिशात ठेवला. दुसरा घेऊन मी भाऊकडे गेलो, कौतुक करून घ्यायला, दुसरं काय!

भाऊनं फोटो उन्हात धरला. जवळ नेला, लांब नेला. लय वेळ पाहिला.

"फोटो साजरा आहे गा," तो म्हणाला. "पण हे आमची नाई."

"म्हणजे?"

"आमचीच्या डोळ्यावर तीट आहे. माय लेकराले लावते ना, तशी. हिची तीट कुठी गेली?"

माझ्या कानशिलात आग पेटली. "भाऊ, तुमाले फोटोतलं काय समजते? जन्मात पहिल्यांदा फोटो हातात धरून राह्यले तुम्ही! तो काचेवरचा डाग होता. मी साफ केला."

"डाग नाई थो. थे पिल्लू होती तवापासून पाहून राह्यलो मी तिले." त्यानं आवाज चढवला नाही. "शिकाऱ्याले तीट दिसन. फोटोत तीट नाई. मंग थो काय समजन, सांग."

मला समजलं होतं. तिथंच, त्याच क्षणी समजलं होतं. पण साहेबांपुढे जाऊन काय सांगू? माझा हातच खोटा आहे म्हणून? मी फोटो हिसकावून घेतला आणि मोहाच्या झाडाखाली जाऊन फुगून बसलो. भाऊ एकटाच साहेबांकडे गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पाहवत नव्हता.

"साहेब म्हणते, तुयेच डोये म्हातारे झाले. मायं नाई आयकत थे. तू सांगशीन तं आयकन. चाल ना बापू." आणि त्या एवढ्या मोठ्या माणसानं माझ्यासमोर हात जोडले.

मी म्हणालो, "उद्या सांगतो. आज थोडीच येणार आहे ती!"

ऊन कललं. साहेब आणि शिकारी डोहाकडे निघून गेले. मी बसलोच होतो. मग हातातला फोटो पाहिला आणि उठून धावतच सुटलो. डोह चार मैलांवर. चप्पल तुटली, ती तिथंच टाकली. देवा, आज तिला तहान लागू देऊ नकोस, एवढंच तोंडात. वैशाखातल्या जनावराला तहान लागू नये म्हणून मी रडत होतो.

अर्ध्या वाटेत बार ऐकला. एकच.

पोहोचलो तेव्हा शिकारी माझाच फोटो हातात धरून उभा होता. "शाब्बास! काय फोटो काढलास! इतका स्वच्छ, की शंकाच उरली नाही. दोनदा ताडून पाहिलं. हिच्या डोळ्यावर काळा डाग, तुझ्या फोटोत डाग नाही. म्हटलं, झाडा गोळी, मारकी हीच." साहेब हसून म्हणाले, पुढच्या महिन्यातल्या दौऱ्याला तयार राहा.

मी काहीच बोललो नाही, हे आता म्हातारपणी लिहितानाही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

भाऊ मागून धापा टाकत आला. तो वाघिणीजवळ उकिडवा बसला. तिच्या पोटाखालची माती दुधानं ओली झाली होती. त्यानं माझं मनगट धरून मला खाली बसवलं आणि माझा अंगठा तिच्या डाव्या डोळ्यावर टेकवला. अंग अजून गरम होतं.

"घे," तो म्हणाला. "पुस आता."

मी पुसू लागलो. खरंच पुसू लागलो, जोर लावून, पुन्हा पुन्हा.

शिकाऱ्याला गंमत वाटली. "अरे वेड्या," तो म्हणाला, "जायचं नाही ते. जन्माचं आहे."