मी बांधलेला झेंडा

निमोण्याच्या शाळेत मी शिक्षक होतो. दर सव्वीस जानेवारीला झेंडा मी बांधायचो आणि दोरी मेजर ओढायचे. युद्धात पदक मिळवून आलेल्या त्या निवृत्त जवानाला सगळं गाव मेजरच म्हणायचं. कॅसेटवरची गाणी थांबली, की ते छातीवरचं पदक अंगठ्यानं पुसायचे, घसा खाकरायचे आणि दोरी ओढायचे. घडीत पाकळ्या मी भरलेल्या असायच्या, टाळ्या मात्र त्यांना.

एका वर्षी मी मुद्दाम गाठ घट्ट मारली. दोनदा हिसडा देऊनही झेंडा सुटेना. मेजरांनी वर गाठीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हातात पयल्यावानी जोर न्हाई राह्यला आता. गुरुजी, या, तुमीबी हात लावा."

दोघांनी मिळून ओढल्यावर झेंडा फडकला. त्या दिवशी टाळ्या जास्तच वाजल्या, आणि त्याही त्यांनाच.

त्यांचं पदक मला कधी मिळणार नव्हतं, हे मी समजून होतो. पण त्यांच्या जागी मी असतो, तर ते खोटं माझ्या तोंडून निघालं नसतं. हा हेवा अजून जात नाही.