तीन टीव्ही, एक पूर आणि ब्रेकिंगशेठ

आमच्या बाजारात टीव्ही विकणारा एक गृहस्थ आहे. त्याला सगळे ब्रेकिंगशेठ म्हणतात. हे नाव मीच ठेवलं आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. माझं चष्म्याचं दुकान त्याच्या दुकानाला खेटून. मधली भिंत इतकी पातळ की त्याच्याकडच्या बातम्या मला फुकट ऐकू येतात. डोळे तपासायला आलेली माझी गिऱ्हाइकं तक्त्यावरची अक्षरंसुद्धा त्या आवाजाच्या तालावर ओरडून वाचतात. मी कितीदा भिंत बडवली असेल, पण पलीकडून उत्तर ठरलेलं: "थांब रे, एवढी हेडलाइन होऊ दे!"

तरुणपणी त्याला बातम्या वाचायची नोकरी हवी होती. आवाज खणखणीत होता. पण चाचणीच्या वेळी हातात दिलेली बातमी त्याला मिळमिळीत वाटली, म्हणून त्याने तिच्यात पदरच्या दोन आगी आणि एक दरोडा घातला. साहेबांनी नारळ दिला. मग तो रेडिओ दुरुस्त करायला शिकला, पुढे टीव्ही उघडायला लागला आणि शेवटी विकायला लागला. पण आतला बातमीदार काही मेला नाही. खोकं बांधून गिऱ्हाइकाच्या हातात देतानाही तो म्हणणार, "या क्षणाची सर्वात मोठी बातमी! आपला टीव्ही घरी निघालेला आहे!"

त्याच्या दुकानात समोरच्या भिंतीवर तीन टीव्ही कायम चालू असत आणि तिन्हींवर तीन चॅनेल. सगळ्यात मोठ्यावर बोंबल्या. हे नावही माझंच. त्या चॅनेलवर साधी दुपार होत नसे, "दुपारचा थरार" होत असे. त्याच्या लालभडक पट्ट्या मोठ्या पडद्यावर उठून दिसतात आणि गिऱ्हाईक दारातच थबकतं, म्हणून ती जागा त्याची. शिवाय विकायच्या टीव्हीचे रंग शेठ मुद्दाम चढवून ठेवायचा. हा त्या धंद्याचा रिवाजच आहे. गिऱ्हाईक घरी नेऊन लावतं तेव्हा माणसं उकडलेल्या बिटासारखी दिसतात, मग हा जाऊन रंग उतरवून देतो. मधल्या टीव्हीवर रडकी. तिच्याकडे कांदे महाग झाले तरी मागे व्हायोलिन वाजायचं. आणि कोपऱ्यातल्या पिटुकल्या, रंग न चढवलेल्या टीव्हीवर आजोबा, म्हणजे ते जुनं चॅनेल, जिथे औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचावी तशा बातम्या वाचतात.

तिन्ही कशाला, असं विचारलं की शेठ मान उंचावून सांगायचा, "एकावर विश्वास ठेवायचा नसतो. तिघांचं ऐकायचं, मिळवायचं आणि तीनने भागायचं. जे उरतं ते खरं." बोंबल्या म्हणाला हजारोंचा मोर्चा, रडकी म्हणाली मूठभर अभागी, आजोबा म्हणाले काही नागरिक, तर हा छातीठोकपणे सांगणार, चारशे. आणि लोक मान डोलावायचे. आमच्या बाजारात आत्मविश्वासाने बोललेलं काहीही खपतं.

दुकानात हे ठीक होतं, पण तो हे घरीही करायचा. जेवताना एका हातात घास आणि दुसऱ्या हातात रिमोट. वहिनी, म्हणजे त्याची बायको, तशी सोशीक बाई नव्हेच. तिने एवढी वर्षं कशी काढली हेच आश्चर्य. पावसाळ्याच्या तोंडी तिचा गुडघा धरला. ती त्याला सांगत होती की जिना चढवत नाही, डॉक्टरकडे जाऊ या. आणि हा पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "ब्रेक लागू दे, मग सांग."

वहिनीने ताट तसंच सोडलं. "तुम्हाला अख्ख्या जगाची खबर आहे, फक्त ह्या घरातली नाही," ती म्हणाली, "मी चालले ताईकडे. आता इथे पाऊल ठेवायची नाही." ताई म्हणजे तिची थोरली बहीण, नदीकाठच्या गावात एकटीच राहणारी. वहिनी खरोखरच बॅग भरून गेली. आधी फोन कोणी करायचा यावरून दोघंही अडून बसले. मी शेठला म्हटलं, "अरे, कर ना एक फोन. जीभ काय झिजणार आहे तुझी?" तर म्हणतो, "माझा काय दोष? मी 'नंतर सांग' म्हटलं, 'सांगू नको' कुठे म्हटलं?"

आणि मग पूर आला.

सकाळी मी दुकान उघडलं तेव्हा भिंतीपलीकडे बोंबल्या किंचाळत होता. मी वैतागून गेलो, तर शेठच्या दुकानात निम्मा बाजार जमलेला. धरणाचे दरवाजे उघडले होते, नदी गावात शिरली होती, आणि गाव नेमकं ताईचं. शेठ काउंटरवर दोन्ही हात टेकून उभा होता. "फोन लागत नाही," तो मला म्हणाला, "टॉवर बंद आहेत. नाहीतर ती... नाहीतर ती उचलत नाहीये." बायको जिवंत आहे का आणि असली तर आपल्याकडे परत येणार आहे का, हे दोन्ही प्रश्न त्याच्या तोंडावर एकदम लिहिलेले होते.

बोंबल्याचा वार्ताहर खांबाला मिठी मारून उभा होता. "वाऱ्याचा वेग इतका आहे की मला उभंही राहता येत नाही!" तो ओरडत होता. त्याच्या मागे दोरीवर एक शर्ट वाळत टाकलेला होता. तो मात्र ढिम्म हलत नव्हता. मी ते शेठला दाखवलं. पण त्याचं लक्ष पाण्यावर होतं. "पाणी बघ रे, काळंठिक्कर! आणि आभाळ बघ, रक्तासारखं!"

"अरे शहाण्या," मी म्हटलं, "रंग तूच चढवलेस ना? कोपऱ्यात बघ. आजोबांकडे तेच पाणी चहासारखं दिसतंय."

"मोठ्या टीव्हीवर स्पष्ट दिसतं," तो म्हणाला. जन्मभर गिऱ्हाइकांना हेच वाक्य विकून विकून शेवटी त्याने ते स्वतःच विकत घेतलं होतं.

तेवढ्यात बोंबल्याने जाहीर केलं, "पूल वाहून गेला!" रडकी हळव्या आवाजात म्हणाली, "हाच तो पूल, ज्याने दोन काठांना पिढ्यान्‌पिढ्या जोडलं..." आणि अर्धाच पूल दाखवून तिने व्हायोलिन सुरू केलं. आजोबा म्हणाले, "पूल वाहतुकीसाठी बंद ठेवण्यात आला आहे."

सगळे शेठकडे बघायला लागले. शेजारचा शिंपी म्हणाला, "शेठ, काढा सरासरी."

शेठने सवयीने बोटं वर केली आणि ती तशीच हवेत राहिली. गेलेला पूल, अर्धा पूल आणि अख्खा पूल, मिळवून तीनने भागला तर अर्धाच पूल हातात राहतो, आणि अर्ध्या पुलावरून कोणाची बायको परत येत नाही. तो मटकन स्टुलावर बसला. मला त्याची कधी नव्हे ती कीव आली.

दुपार झाली तरी माणसं हलेनात. आणि मग चॅनेलवर शाळा आली. पूरग्रस्तांना गावच्या शाळेत हलवलं होतं. आधी रडकीवर: शाळेचा व्हरांडा, एक हिरवी शाल, कपाळावर हात धरलेली बाई.

"वहिनी!" मी ओरडलो.

चित्र संथ झालं, व्हायोलिन वाजलं. "सर्वस्व गमावलेल्या ह्या अभागिनीच्या डोळ्यांतलं पाणी महापुरापेक्षाही..." निवेदिकेचा गळा दाटून आला. शेठ उठून टीव्हीला जवळजवळ चिकटला. "ती रडतेय? ती रडत नसते रे! तिचे वडील गेले तेव्हासुद्धा ती आधी सगळ्यांना पाणी देत होती. ताई गेली. नक्की ताई गेली."

तेवढ्यात बोंबल्यावर तीच शाल. इथे वहिनीचं बोट कॅमेऱ्यावर रोखलेलं, खाली लाल पट्टी: "संतप्त महिलेने प्रशासनाला फाडून खाल्लं!" तोंड हलत होतं, पण आवाज बोंबल्याच्या निवेदकाचाच. गर्दीतला एक जण म्हणाला, "वा! वहिनी म्हणजे वाघीण!"

"रडतेय की भांडतेय?" शेठने मला दंडाला धरून विचारलं, "सांग ना! एकाच वेळी दोन्ही कसं करेल?" मला तर माहीत होतं की बायका एकाच वेळी दोन्ही करू शकतात, पण तेव्हा ते बोललो नाही. मी म्हटलं, "आजोबांची वाट बघ."

आजोबा तेव्हा धरणांची पाणीपातळी वाचत होते. एकेक धरण. प्रत्येकाची कालची पातळी, आजची पातळी आणि दोन्हींतला फरक. माणसाचा जीव टांगणीला लागलेला असताना इतकं शांत कोणी बोलू नये असा कायदा हवा. शेठ कोपऱ्यातल्या पिटुकल्या पडद्यासमोर गुडघे टेकून बसला होता, पण त्याला दिसेना. एकदम तो उठला, त्याने रिमोट घेतला आणि मोठ्या टीव्हीवरून बोंबल्याला हाकलून आजोबांना आणलं. दुकानात हे कधी घडलं नव्हतं. गर्दीतून आवाज उठला, "अहो शेठ, हे काय कंटाळवाणं लावलंत!"

"ज्याला कंटाळा येतो त्याने उठावं!" शेठ गरजला. नोकरीला मुकलेला तो खणखणीत आवाज मी त्या दिवशी पूर्ण ताकदीने ऐकला. एकही जण उठला नाही.

अखेर आजोबा शाळेत पोचले. त्यांचा कॅमेरा दारात एका जागी ठेवलेला होता. कोणी काटछाट केलेली नव्हती, संगीत नव्हतं, नुसता भांड्यांचा आवाज. वहिनी पाण्याच्या पिंपाशी उभी होती. कपाळावर हात होता तो डोळ्यांवर आलेल्या उजेडामुळे. "तो तुमचा दिवा बाजूला घ्या आधी," ती रडकीच्या माणसाला सांगत होती. आणि बोट रोखलेलं होतं ते बोंबल्याच्या वार्ताहरावर: "आणि तू रे, खांबवाल्या! दारातून सरक. म्हातारी माणसं आत येतायत, दिसत नाही? ताई, तू नको उठूस, बस तिथेच." मागे खुर्चीवर ताई बसली होती, पेला हातात घेऊन, धडधाकट.

दुकानात हशा उसळला. शिंप्याने शिट्टी मारली. शेठ हसला नाही. त्याचा एक प्रश्न सुटला होता, दुसरा उरला होता.

आजोबांच्या वार्ताहराने सांगितलं की फोन बंद असल्यामुळे ज्यांना घरी निरोप द्यायचाय त्यांनी कॅमेऱ्यासमोर द्यावा. आजोबांची ही जुनी पद्धत. लोक रांगेने आले. एका म्हाताऱ्याने कोंबड्यांना कधी आणि कोणत्या डब्यातला दाणा घालायचा ते सविस्तर सांगितलं. कोणी मुलाला सांगितलं की अभ्यास कर. एका बाईला नुसतं हसू येत होतं, ती काहीच न बोलता गेली. वहिनी रांगेत नव्हतीच. ती पाणी वाटत होती. शेठ पडद्याकडे बघून पुटपुटत होता, "ये ना. ये ना गं."

रांग संपली. वार्ताहर आवरायला लागला आणि त्यानेच विचारलं, "काकू, तुम्हाला नाही द्यायचा निरोप?"

वहिनीने हात पदराला पुसले. "आमच्या ह्यांना सांगायचंय," ती म्हणाली.

"नाव सांगा ना त्यांचं."

"नाव कशाला? तीन-तीन टीव्ही लावून बसलेच असतील. बरोबर कळेल." मग ती थेट कॅमेऱ्यात बघून बोलायला लागली. आम्ही सगळे नकळत सरळ बसलो. "अहो, मी बरी आहे. ताईपण बरी आहे. फोन केला नाही तो इथे लागत नाही म्हणून, रागावलेय म्हणून नाही. रागावले तर आहेच, पण ते वेगळं. त्याचं मी घरी आल्यावर बघते तुमच्याकडे."

आणि पिंपावर कोणीतरी झाकण नीट ठेवलं नव्हतं म्हणून ती तिकडे धावली.

शेठ माझ्याकडे वळला. "काय म्हणाली?"

"धमकी दिली तुला," मी म्हटलं, "जगासमोर."

"नाही रे, नीट सांग. काय म्हणाली?"

"घरी आल्यावर बघते म्हणाली."

"घरी आल्यावर," शेठ म्हणाला, "घरी आल्यावर म्हणाली ना?" आणि अख्ख्या बाजारासमोर, दोन्ही हात तोंडावर घेऊन, तो ढसाढसा रडला.