सातव्या बंदराचा कॉम्प्युटर

दिघीला जेट्टीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर भावना तांबेचं दुकान आहे. पाटीवर ‘कॉम्प्युटर, प्रिंटर, मोबाइल दुरुस्ती’ असं लिहिलंय, पण निम्मं काम येतं ते होड्यांवरचं. वायरलेस, जीपीएस, पाण्याखालची मासळी दाखवणारे पडदे. खारी हवा या सगळ्यांना आतून खाते. तारांवर हिरवट थर चढतो, तो भावना जुन्या टूथब्रशनं घासून काढते. अलिबागला कोर्स करून ती परत आली, तेव्हा बाई यंत्र कशी उघडते हे बघायला लोक यायचे. आता नुसतं यंत्र ठेवून जातात.

रविवारी दुपारी मात्र दुकान बंद असतं. तेव्हा गावच्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत खेळ चालतो.

हा खेळ गावात आणला तो शाळेतल्या अजितसरांनी, पुण्याच्या एका मित्राकडून. याला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि आपण काय करतो ते सांगतात. जमेल की नाही अशी शंका आली की फासे टाकायचे. मूळ खेळ तलवारींचा आणि राक्षसांचा होता, इंग्रजीत. दोन रविवार खेळून भावना म्हणाली, “आपण आपला बनवू.” आणि तिनं तीनशे वर्षांनंतरची बारा अंतराळ-बंदरं आखली. बंदराबंदरांतून फिरणारं एक जहाज केलं. अजितसर त्यावरचे डॉक्टर झाले. गावची आशा सेविका केसर हिनं नोंदी ठेवायचं काम घेतलं. भागोजीकाकांनी उभी हयात होडीवर तांडेलकी केलेली, ते इथंही तांडेलच, म्हणजे जहाजाचे कप्तान झाले.

पहिलीच गोष्ट तिनं महिनाभर राबून रचली होती. सातव्या बंदरावर कुणीतरी हवेचे नळ कापलेत, ते कोण हे शोधायचं. खेळ सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नसतील, अजितसर म्हणाले, “मी जहाजाच्या कॉम्प्युटरला विचारतो. नळ कुणी कापले?”

“त्याला कसं माहीत असेल सर?”

“तीनशे वर्षांनंतरचा कॉम्प्युटर ना? काल मी कुठं होतो हे माझा आजचा फोन सांगतो. त्याला एवढंही कळू नये?”

 भावनानं नाव सांगून टाकलं. गोष्ट संपली.

भागोजीकाका फासे तसेच मुठीत धरून बसले होते. “मंग आमी कशाला हाव?” ते म्हणाले. “त्यो कॉम्प्युटरच खेलंल की.”

ते तिला लागलं. काका चेष्टा करत नव्हते. वही मिटून ती म्हणाली, “पुढचे काही रविवार खेळ नाही. आधी मला कॉम्प्युटर बनवू दे.”

सोपी वाट होती. या जगात कॉम्प्युटरला बंदी आहे, असं लिहून मोकळं होता आलं असतं. एका संध्याकाळी तिनं तसं लिहिलंही, आणि सकाळी फाडलं. दिवसभर ज्यांची पोटं उघडून बसायचं, त्यांच्याबद्दल खोटं कसं लिहिणार? मग चक्रीवादळानंतरचे दिवस तिला आठवले. वीज नव्हती, मोबाइलचा टॉवर आडवा झालेला. पलीकडच्या तीरावरची बातमी होडीतूनच यायची. एका होडीनं सांगितलं की तिकडचे अमुक आजोबा गेले. दुसऱ्या दिवशीची होडी म्हणाली, छे, आत्ता पेज पिताना बघून आलो. दोघंही खोटं बोलत नव्हते. एक आधी निघाला होता, एवढंच.

त्यावरून तिनं नियम केला. जहाज एका बंदरातून दुसऱ्या बंदरात उडी मारून आठ दिवसांत पोचतं, पण बिनतारी संदेशाला तेवढ्याच अंतराला अकरा वर्षं लागतात. म्हणून प्रत्येक बंदराचा कॉम्प्युटर वेगळा. हुशार आहे, पण त्याला माहीत असतं ते फक्त तिथं घडलेलं, तिथं कुणी सांगितलेलं आणि जहाजांनी आणून दिलेलं. कॅमेरा गंजला असेल, तर तेवढ्या कोपऱ्यात तो आंधळा.

नवा खेळ अभ्यासिकेत छान चालला. तेव्हा अजितसरांनीच आग्रह केला, अलिबागला अशा खेळाडूंचा मेळावा भरतोय, तिथं एक टेबल तुम्ही चालवा.

मुंबई-पुण्याची मंडळी आली होती. भावनाच्या टेबलावर पाचजण बसले. त्यांत प्रज्योत नावाचा सॉफ्टवेअरमधला एक तरुण होता. गोष्ट अशी: सातव्या बंदराच्या तळमजल्यावर एक्केचाळीस माणसं अडकली आहेत. बंदराच्या यादीत ती मेली आहेत. जहाजाच्या यादीत जिवंत आहेत. जहाजाकडे एकाच फेरीपुरती हवा आहे. खाली जायचं की नाही?

प्रज्योतनं हात वर केला. “दोन्ही नोंदींवर तारीख असणारच. जी नंतरची ती खरी. मी तारखा बघतो. झालं.”

 तारीख पुसली गेलीय, असं भावनाला म्हणता आलं असतं; गोष्ट चालवणाऱ्याला तेवढी मुभा असते. पण ती म्हणाली, “तुमचं बरोबर आहे. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.”

खेळ तासभर आधीच संपला.

परतीच्या एस.टी.त अजितसर हळहळले. “पुसली म्हणून सांगायचं होतंत.”

“कुणी पुसली सर? मी अडले म्हणून? मग तो कॉम्प्युटर नुसता माझ्या सोयीचा झाला.” मग ती म्हणाली, “मला जमेल. वेळ लागेल, पण जमेल.”

पुढं दोन महिने ती झगडत राहिली. तीन उपाय लिहिले, तिन्ही खोडले. मग एका क्लासचा जुना कॉम्प्युटर दुरुस्तीला आला. आतला बटणाएवढा सेल संपलेला होता. असे सेल तिनं शेकड्यांनी बदलले असतील. सेल संपलेलं यंत्र बंद करून चालू केलं की आपली तारीख विसरतं आणि फार जुनी तारीख दाखवतं. भावनानं एक फाइल बनवून त्यात जतन केली. यंत्रानं आज लिहिलेली फाइल सोळा वर्षांपूर्वीची म्हणून यादीच्या तळाशी टाकली. नवा सेल तिनं तसाच बाजूला ठेवला. मग तिनं वही ओढली.

घड्याळ हेही यंत्रच. बंदराची वीज गेली की त्याचं घड्याळ पहिल्या दिवसापासून नव्यानं सुरू होतं, आणि कॉम्प्युटर त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो.

तिनं प्रज्योतला फोन लावला. “तुम्ही दाखवलेलं भोक बुजवलंय. पुन्हा पाडता येतं का बघायला या.”

तो खरंच आला, आगरदांड्याहून फेरीबोटीनं. अभ्यासिकेत चटईवर बसून त्यानं पहिल्यांदा तारखाच मागितल्या.

“जहाजाची नोंद तीन महिन्यांपूर्वीची,” भावना म्हणाली. “बंदराची चार दिवसांपूर्वीची.”

“म्हणजे बंदराची नवी. माणसं गेली.” तो जरा निराश झाला. “एवढं सोपं?”

 केसरनं विचारलं, “बंदराच्या त्याच पानावर आणखी काय लिहिलंय?”

भावनानं वाचलं, “त्याच दिवशी वरच्या मजल्यावर एक मुलगी जन्मली.”

“मी त्या बाळाला बघायला जाते.”

“बाळ आईच्या मांडीवर आहे.”

“तोंड उघडून बघते. दात आहेत?”

भावनाच्या वहीत याचं उत्तर लिहून ठेवलेलं होतं. “खाली दोन आलेत.”

“मग चार दिवस कुठले! सहा-सात महिन्यांचं लेकरू हाय ते,” केसर एकदम उसळून म्हणाली. “यांचं घड्याळच फसलंय. वीज जाऊन ते पुन्हा एकपासून मोजतंय, म्हणून मागच्या खेपेचं पान चार दिवसांचं वाटतंय. मेल्याची नोंद जुनी. जिवंत असल्याची नवी.”

 भागोजीकाकांनी विचारलं, “खाली जायाचं ना?”

“जायचं,” प्रज्योत म्हणाला.

काकांनी फासे टाकले. एक्केचाळीसपैकी अडतीस माणसं वर आली. तिघं राहिली, आणि त्या तिघांची नावं केसरनं नोंदवहीत लिहून घेतली.

संध्याकाळच्या फेरीबोटीपर्यंत प्रज्योत त्या नियमांत आणखी भोकं शोधत होता. दोन सापडली. भावनानं दोन्ही लिहून घेतली आणि पुढच्या पावसाळ्यात, दुकानात काम कमी असताना, बुजवली. यंदा तिचं शेहेचाळीस पानांचं मराठी पुस्तक छापून झालं. त्यातलं सगळ्यात लांब प्रकरण कॉम्प्युटरचं आहे. पनवेल आणि रत्नागिरीला त्यावर खेळ सुरू झालेत. तिथली माणसं तिला फोन करून अडचणी विचारतात, आणि ती हातातलं काम बाजूला ठेवून, कुठलं बंदर, वीज कधी गेली होती, असं नीट विचारून घेते.