डाव्या बाजूचं शिसं

हणमंत गेला, आणि मला काही म्हणजे काही दुरुस्त करता आलं नाही.

कोरेगावात माझं रेडिओ-टीव्ही रिपेअरिंगचं दुकान. कुणाकडे शिकलो नाही. सेट उघडत गेलो, शॉक खात गेलो, शिकलो. "होणार नाही" म्हणून गिऱ्हाईक परत पाठवलेलं मला आठवत नाही.

काल साताऱ्याच्या हॉस्पिटलात मशीनवरची रेघ नुसती बघत बसलो. हात मांडीवर.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितोय.

नव्वदच्या दशकात हणमंत फौजेतून घरी आला तो डावा पाय गुडघ्याखाली गमावून. सुरुंग. नकली पाय मिळाला होता. तो त्यानं खाटेखाली सरकवला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

त्याची आई, आमची आक्का, दुकानात आली.

"लेकरा, जेवत न्हाई त्यो. काल म्हनला, सुरुंगानं अर्धंच काम केलं. कशात तरी गुतव रं त्येला."

त्याच्या पलटणीतल्या एकानं परदेशातून येताना त्याच्यासाठी रिमोटवर चालणारी रेसिंग कार आणली होती. दीड वीत लांब. डबा फोडलासुद्धा नव्हता.

मी ती त्याच्या खाटेवरच जोडायला घेतली.

गाडी पळायची सुसाट, पण स्पीड घेतला की उजवीकडे ओढायची आणि गर्रकन फिरायची.

"खेळनंच त्ये, इंजनेर. खेळन्यावानीच वागनार," हणमंत भिंतीला म्हणाला.

खेळणं म्हटलं की माझं डोकं फिरतं.

फळीत दोन खिळे ठोकले, टोकं वर. गाडीच्या पोटावर बरोबर मध्यरेषा आखली. त्या रेषेवर एक खिळा पुढे, एक मागे, अशी गाडी तोलून धरली. जी बाजू खाली जाईल ती जड. साधी गोष्ट आहे. पण रेषा केसभर चुकली तर सगळंच चुकतं.

उजवी बाजू खाली गेली.

कृष्णेवरच्या कोळ्याकडून जाळ्याला लावायचं शिसं आणलं. ठोकून पातळ केलं आणि कातरून कातरून डावीकडे चिकटवत गेलो.

कधीतरी हणमंतानं कूस बदलली.

"आजून जरा लाव... न्हाई, लय झालं. काप."

"तू उठून काप की!"

"उठतो की! तुला भितो व्हय मी?"

उठून बसला. गाडी अंगणातून सरळ गेली ती त्यानं खिडकीतून बघितली.

पाय मात्र खाटेखालीच.

सांगलीला एका कॉलेजात अशा गाड्यांची शर्यत होती. चालवणाऱ्यानं लाकडी मचाणावर उभं राहायचं, नाहीतर ट्रॅकचा पलीकडचा कोपरा दिसत नाही.

"मी चढनार न्हाई. लोकं गाडी सोडून माजा पाय बघत्याल. तूच चालव."

"माझं काम तोलायचं. चालवायचं तुझं."

आक्कानं दम भरला म्हणून जीपमध्ये बसला. काखेत कुबड्या, नकली पाय पिशवीत.

सांगलीत ग्राउंडवर गाडी सोडली, आणि ती उजवीकडे ओढायला लागली!

"बघ. जाऊ घरी," हणमंत म्हणाला. त्याचा चेहरा परत भिंतीकडे बघतानाचा झाला होता.

मला दरदरून घाम. मी तोललेली गाडी, ओढेल कशी?

वरची बॉडी काढली. आतून उजव्या बाजूला, टेपनं नीट चिकटवलेला तांब्याचा ताईत. म्हसवडच्या सिद्धनाथाचा. निघायच्या आधी आक्कानं लावलेला. नव्या गाडीला आपल्याकडे काही ना काही बांधतातच.

मी टेपला नख घातलं. हणमंतानं मनगट धरलं.

"काढायचं न्हाई. आईनं लावलंय."

"अरे, मी ग्रॅम ग्रॅम जुळवलंय!"

"मग देवाचं वजन का न्हाई धरलंस, इंजनेर?"

आणि हसला. घरी आल्यापासून पहिल्यांदा.

खिशात उरलेलं शिसं होतं. गाडी दोन बोटांवर तोलली आणि ताईताच्या समोर, डाव्या बाजूला तुकडा लावला. मान वर केली तर हणमंत पिशवीतून पाय काढून पट्टे आवळत होता.

मी गाडीची बॉडी परत बसवली.

मचाणाच्या पायऱ्या चढताना त्यानं माझा खांदा धरला. वर पोचल्यावर सोडला.

जिंकलो नाही. पुण्याच्या गाड्या लय भारी होत्या. पण लांबच्या पट्ट्यावर आमची गाडी दोरी धरल्यासारखी गेली.

वरून तो ओरडत होता, "सरळ चाललीया रं! सरळ!"

पुढं लग्न, पोरं, पिठाची गिरणी, सगळं त्यानं उभ्यानं केलं.

आज अंघोळ घालताना तो पाय काढून ठेवला. फायबर आहे, आगीत नको म्हणाले. बरोबर आहे त्यांचं.

मला बघवलं नाही.

दुकानात गेलो. शोकेसमध्ये इतकी वर्षं जपून ठेवलेल्या त्या गाडीचं डावीकडचं शिसं नखानं उचकटलं. कशासाठी, मला माहीत नव्हतं.

खांदा द्यायला पायाकडची डावी बाजू मागून घेतली.

हलकी होती.

बाकीच्यांना कळलं नसेल. मला कळलं.

विसाव्याला तिरडी खाली टेकवली तेव्हा कापडाखाली, जिथं पाऊल असायला पाहिजे तिथं, ते शिसं सरकवलं. कुणी बघितलं असतं तरी मी काढलं नसतं.

एवढ्याशानं तोल येत नाही. मला हिशोब येतो, कुणी शिकवू नका.

परत खांद्यावर घेतली.

हलकीच.

हणमंता, ह्याच्यापुढं माझ्या हातात काही नाही रं.

जा गड्या. सरळ जा.