मुंजाजीचं निदान आणि नीलम मॅडमचा पाय

गंगाखेडात पालम रोडला, एसटीच्या थांब्याच्या बरोबर समोर मुंजाजीचं गॅरेज आहे. वर पत्र्याची पाटी : ‘मुंजाजी ऑटो. गाडीचा आजार ओळखून मिळेल.’ पेंटरनं आधी ‘दुरुस्त करून मिळेल’ असं लिहिलं होतं. मुंजाजीनं ते पुसायला लावलं. त्याचं म्हणणं, नटबोल्ट कोणीही आवळतो, आजार ओळखणारा एखादाच असतो. तो एखादा कोण, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

वय बावन्न. अंगात पांढराशुभ्र सदरा. ग्रीस-ऑइलच्या धंद्यात तीस वर्षं पांढरा सदरा घालणारा माणूस एक तर काम करत नसला पाहिजे किंवा त्याची बायको फार करत असली पाहिजे. मुंजाजीच्या बाबतीत दोन्ही थोडंथोडं खरं आहे. गाडी आली की तो लांब पेचकस इंजिनवर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटतो. गॅरेजच्या दारात मोडीतल्या जीपचं मागचं सीट टाकलेलं आहे, तो आमचा बाक. डोळे मिटलेले असेपर्यंत बाकावरचे आम्ही चार-पाच जण चहाचा घोटसुद्धा बिनआवाजी घेतो. डोळे उघडले की निकाल लागतो, आणि त्या निकालावर अपील नसतं.

गेल्या जुलैत नीलम मॅडम गाडी घेऊन आल्या.

नीलम मॅडम पालमच्या शाळेत गणित शिकवतात. राहायला गंगाखेडात, म्हातारी आई पालमला. चाळिशी उलटल्यावर गाडी शिकल्या, ते एवढ्यासाठीच की शाळा सुटल्यावर आईजवळ तासभर बसता यावं आणि परतीच्या एसटीकडे डोळे लावावे लागू नयेत. गाडी चालवायच्या अनवाणी, काटा चाळीसवर. चाळीस म्हणजे चाळीसच. बैलगाडी पुढे गेली तर त्यांची हरकत नसे.

“मुंजाजी, चाळीसच्या आसपास पाय स्थिर ठेवला की गाडी अंग टाकते,” मॅडम म्हणाल्या. “कोणी मागून पदर ओढल्यासारखी. पाय जरा पुढे दाबला की परत नीट चालते.”

“बगू,” मुंजाजी म्हणाला.

पेचकस झाला, डोळे मिटून झाले. मग त्यानं कॉम्प्युटरचं स्कॅनर लावलं. स्कॅनरवर एकही दोष नाही. मग स्वतः गाडीत बसला आणि साखर कारखान्याच्या फाट्यापर्यंत जाऊन आला. मुंजाजी गाडी चालवतो म्हणजे ॲक्सिलरेटरवर लाथ घालतो; गेला केव्हा आणि आला केव्हा कळलं नाही. उतरला, हात पुसले आणि निकाल दिला.

“मॅडम, गाडी ठणठणीत हाय. तुमचा पाय कच्चा हाय.”

बाक हसला. आणि आता सांगायलाच हवं, त्या हसण्यावर फोडणी मी घातली. मी म्हणालो, “मॅडमची गाडी फार संस्कारी आहे. रस्त्यात ओळखीचं माणूस दिसलं की थांबून नमस्कार करते.”

मॅडमही जराशा हसल्या. गाडी घेऊन गेल्या. माझा विनोद मात्र त्यांच्या आधी पालमला पोचला. आठवड्याभरात त्यांच्या यजमानांनी, कचेरीत कारकून असलेल्या माधवरावांनी, गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. मॅडमनी मागितली नाही. सोमवारपासून त्या समोरच्या थांब्यावर उभ्या राहू लागल्या. सकाळी आठला जायच्या, संध्याकाळी सातला उतरायच्या. आम्ही बाकावरून रोज बघत होतो. दोन-तीन दिवसांनी बघायचंही बंद झालं. थांब्यावर माणसं उभी राहतात, त्यात काय बघायचं?

फेब्रुवारीत चारठाण्याचे एक बुवा गंगाखेडला कीर्तनाला आले. गाडी स्वतः चालवत, आणि तीही मॅडमच्याच मॉडेलची. गॅरेजात उतरले, आम्ही ओळीनं पाया पडलो. मुंजाजीनं विचारलं, “काय तकलीफ हाय, बुवा?”

“काय सांगू बाबा, हळू चाललो की गाडी अंग टाकते. कोणी मागून उपरणं ओढल्यागत वाटतं. जरा दाबलं की पुन्हा चालते.”

स्कॅनरवर एकही दोष नाही. मुंजाजीनं फाट्यापर्यंत चक्कर मारली, तिथेही काही नाही. आता निकाल काय लागणार हे बाकाला पाठ होतं. पण ज्या पायावर आत्ताच डोकं ठेवलं, तो कच्चा आहे म्हणायची छाती कोणाची? मुंजाजी म्हणाला, “बुवा म्हनतेत म्हंजे काही तरी असंलच,” आणि कामाला लागला.

प्लग काढले, घातले. फिल्टर बघितला. मग थ्रॉटलच्या सेन्सरवर आला. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनात हवा सोडणारी झडप उघडते. किती उघडली, ते हा सेन्सर कॉम्प्युटरला कळवतो. झडप बंद असली की अर्धा व्होल्ट, पूर्ण उघडली की साडेचार, आणि मधला प्रवास कसा सरळ चढता हवा. मुंजाजीनं आकड्यांचं मीटर लावलं. आकडे भराभर बदलत गेले, सगळं बरोबर. तेव्हा त्यानं फळीवरून त्याच्या उस्तादाचं जुनं काट्याचं मीटर उतरवलं आणि धूळ फुंकली. आकड्यांचं मीटर क्षणभराची चूक गिळून टाकतं, काटा ती दाखवतो, असं उस्ताद सांगायचे.

“बुवा, इंजन चालू करू नका. नुसती चावी फिरवा आन् ॲक्सिलरेटर दाबा. हळू. लय हळू.”

बुवांना हळू शिकवायची गरज नव्हती. अभंगाच्या एका चरणावर ते पाऊण तास काढतात. त्यांनी पाय टेकवला आणि काटा चढू लागला. अर्धा, एक, सव्वा, आणि एका जागी एकदम शून्यावर आपटला. पाय तसूभर पुढे सरकला तसा पुन्हा उठून चढू लागला.

“पुन्यांदा, बुवा.”

पुन्हा तिथेच पडला. सेन्सरच्या आतली पट्टी नेमक्या त्या जागी झिजलेली होती. पाय तिथे थांबला की कॉम्प्युटरला वाटायचं, माणसानं पाय काढला. मग कॉम्प्युटर इंजिनचं पेट्रोलच तोडायचा. स्कॅनरला दिसू नये इतकी छोटी झीज. जोरात चालवणारा तिच्यावरून उडी मारून जाणार, हळू चालवणारा बरोबर तिच्यात सापडणार.

बुवा आनंदले.  मुंजाजी मीटरकडे बघत हळूच म्हणाला, “उपरणं... पदर.”

 सात वाजता एसटी आली. मॅडम उतरल्या, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि घराकडे चालू लागल्या.

दुसऱ्या दिवसापासून मुंजाजीनं त्याचं स्टूल भिंतीकडे फिरवलं. म्हणजे त्याला थांबा दिसू नये. तरी दिसायचाच, कारण गॅरेजभर काचा आणि आरसेच. मग दारात एक ताडपत्री बांधली. आम्ही विचारलं तर म्हणाला, ऊन लय लागायलंय. फेब्रुवारीत! ऊन झाकलं, पण एसटीच्या हॉर्नचं काय करणार? आठ वाजता आणि सात वाजता हॉर्न वाजला की त्याच्या हातातला पाना निसटायचा. पांढऱ्या सदऱ्यावर डाग पडू लागले. जेवण अर्ध्यावर आलं. आमच्या बाकाचीही कळा गेली होती. मी तर त्या काळात एकही विनोद केला नाही. आमच्या घरी सगळ्यांना वाटलं, मला ताप आहे.

शेवटी त्यानं पळवाट शोधली. माधवरावांना फोन केला.

“साहेब, गाडी धूळ खायलीय. आनून सोडा, जरा बगून देतो.”

“काय झालंय तिला?”

“काई न्हाई. मोकळा हाव, म्हनून.”

“मुंजाजी, तुमी आन् मोकळे? तब्येत बरी हाय ना?”

गाडी आली. काट्याचं मीटर लावलं. काटा तिथेच, त्याच जागी पडला. मुंजाजीनं गुपचूप नवा सेन्सर बसवला, जुना कागदात गुंडाळून फळीवर ठेवला आणि गाडी पुसून परत धाडली. अक्षर काढलं नाही. आता सगळं मिटलं, अशा समाधानानं त्यानं ताडपत्री सोडली.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मॅडम थांब्यावर उभ्या होत्या. तिसऱ्या दिवशीही. गाडीचा दोष गेला होता, पण ते मॅडमना कोण सांगणार?

त्याच्या बायकोला, कमलबाईला, त्यानं एका दुपारी हे सगळं सांगितलं. ती डबा घेऊन आली होती. डब्याचं झाकण लावत ती म्हणाली, “बोललात चारचौघांत, आन् निस्तरायलात गपचूप. आसं कुठं असतंय का?”

“मंग काय करू? रस्त्यात जाऊन पाय धरू?”

“कुनाचाबी कच्चा म्हनायच्या आधी धरला आसता तर बरं झालं आसतं,” ती म्हणाली आणि गेली.

शनिवारी सकाळची शाळा असते. साडेबाराला एसटी थांबली. मुंजाजीनं माधवरावांना गाडीसकट आधीच बोलावून ठेवलं होतं, आणि बाकावर जुलैत जे जे होते ते सगळे बसवले होते. मला घरून आणवलं. मॅडम उतरल्या तसा तो रस्ता ओलांडून गेला.

“मॅडम, जरा गॅरेजात येता का? माझी चुकी दाखवायची हाय.”

त्या आल्या. मुंजाजी आम्हा सगळ्यांकडे बघत, मोठ्यानं म्हणाला, “जुलैत मी म्हनलो, मॅडमचा पाय कच्चा हाय. ते खोटं होतं. गाडीचा सेन्सर खराब होता. मी नीट बगितलंच न्हाई.”

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, मग माधवरावांकडे. “यांनी सांगितलं का तुम्हाला, माझी समजूत घालायला?”

“न्हाई हो!” माधवराव दचकले.

“मग इतक्या दिवसांनी कसं कळलं?”

“बुवाची गाडी आली, तवा.”

“बुवांनी काय सांगितलं होतं?”

मुंजाजीची मान खाली गेली. “तुमी सांगितलं तेच.”

“आणि त्यांचं ऐकलंत.”

 मॅडम पिशवी उचलून वळल्या. “असू द्या, मुंजाजी. झालं ते झालं. मला आता भीती बसलीय, आणि तुम्ही चांगले आहात म्हणून हे सांगताय.”

“थांबा,” मुंजाजी म्हणाला. “फक्त दहा मिनटं.”

मग त्यानं जे केलं, ते मी कुठल्या मेकॅनिकला करताना पाहिलेलं नाही. बॉनेट उघडलं, दोन स्क्रू सोडले, चांगला चालू नवा सेन्सर काढला आणि फळीवरचा खराब सेन्सर परत गाडीत बसवला. काट्याचं मीटर जोडून समोरच्या काचेवर, मॅडमना दिसेल असं टेकवलं.

“बसा. इंजन बंदच हाय. तुमी चालवायच्या तसाच पाय ठेवा.”

मॅडम बराच वेळ दाराशी उभ्या राहिल्या. मग चपला बाहेर काढल्या आणि बसल्या. पाय टेकवला. काटा चढू लागला, इतका सावकाश की आम्ही श्वास धरून होतो. आणि पडला. मॅडमनी पाय तिथेच ठेवला. काटा शून्यावर पडून राहिला. केसभर पुढे, उठला. केसभर मागे, पडला. त्यांनी ते सहा-सात वेळा केलं. एखाद्या गणिताचा पुन्हा पुन्हा ताळा करून बघावा तसं.

“इतका स्थिर पाय आमच्यापैकी कोनाचाच न्हाई,” मुंजाजी बाकाला म्हणाला. “चार वर्सं ह्या एकाच जागी ठेवला, म्हनून तर पट्टी हितंच झिजली.”

मॅडम काट्याकडे बघत होत्या. “आई रोज म्हणायची, नीलू, चहा तरी घे. मी दारातूनच परत फिरायचे, एसटी चुकेल म्हणून.” मग मान वळवून माझ्याकडे. “आणि तुमचा तो नमस्काराचा किस्सा. आमच्या स्टाफरूममध्ये तो मलाच ऐकवला, तीनदा.”

मी माझ्या चपलांकडे पाहिलं. 

“नवीन बसवा परत,” मॅडम मुंजाजीला म्हणाल्या. नवा सेन्सर बसला. माधवराव लगबगीनं पुढच्या सीटकडे निघाले. “तुम्ही घरी जाऊन कुकर लावा. मुंजाजी, तुम्ही मागे बसा. आणि हे पण,” म्हणजे मी.

पालमपर्यंत काटा चाळीसवर. ट्रक गेले, ट्रॅक्टर गेले, एक मोटारसायकल मुद्दाम मागे वळून बघत गेली. गाडीनं एकदाही अंग टाकलं नाही.  त्यांच्या आईच्या, नर्मदाबाईंच्या दारात गाडी उभी राहिली. म्हातारी उंबऱ्यात येऊन गाडीकडे बघत राहिली.

“आई, चहा टाक,” मॅडम म्हणाल्या. मग आमच्याकडे वळून, “दोनच कप. यांची एसटी चुकेल.”

एसटी अडीचची होती, ती पावणेचारला आली. सावली नव्हती, बसायला जागा नव्हती. आत शिरलो तर उभं राहायलाही मुश्किलीनंच जागा. मुंजाजीच्या पांढऱ्या सदऱ्याची पार रया गेली होती. एका हातानं दांडी धरून त्यानं दुसऱ्या हातानं खिशातून जुना सेन्सर काढला आणि अंगठ्यानं त्याचं फिरणारं टोक हळूहळू फिरवू लागला, डोळे मिटून.

“हितं कुठं तरी हाय ती जागा,” तो म्हणाला.

“लागते का बोटाला?”

त्यानं नकारार्थी मान हलवली आणि सेन्सर माझ्या हातात दिला. मीही फिरवून बघितलं, अगदी हळू. बोटाला काहीच लागत नाही.