पापडीतलं औषध आणि श्रावणातले सोमवार

अमरावतीच्या एका दवाखान्यात एक कंपाउंडर होते. त्यांना आधी नमस्कार करतो आणि मग सांगायला लागतो. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. "काहून रे बाप्पा, माहा पुतळा उभारून राहिला का?" असं म्हणतील. अकोटकडच्या शेतकरी घरातला माणूस. अंगानं दांडगा आणि आवाज असा, की खिडकीतून एकाला औषध सांगितलं तर अख्ख्या रांगेला पाठ व्हावं. पण रोगाचं नाव घ्यायची वेळ आली, की तोच आवाज एकदम खाली उतरायचा. मी आज हे लिहायला उरलो तो त्यांच्यामुळे. चौथीत शाळा सोडलेल्याचं लिहिणं आहे, टाके सैल पडले तर सांभाळून घ्या.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. शिवणकाम शिकलो आणि ओळखीच्या ओळखीनं अकोल्याला येऊन पडलो. महाराष्ट्र तेव्हा नुकताच झाला होता. एका वऱ्हाडी मास्तरांचं शिलाईचं दुकान होतं, दोन मशिनी, मागे त्यांचं घर. दुकानाच्या ओसरीवर माझी वळकटी आणि दोन्ही वेळचं जेवण त्यांच्या घरात. मास्तर कमी बोलायचे. त्यांच्या वाटणीचं काकू बोलायच्या. मला त्या कोकण्या म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी ठेचा वाढला आणि मी रडलो, ते घरची आठवण आली म्हणून, असं त्या कितीतरी दिवस समजत होत्या.

तिसऱ्या वर्षी खोकला लागला. अकोल्यात सरकीची धूळ उडते, खोकतो तर निम्मा गाव, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. मी घेतलं. मी मुळातच भित्रा माणूस. रोज संध्याकाळी अंग कसकसायला लागलं, सदऱ्याला मी स्वतः दोनदा आत टाके घातले, तेव्हा समजलो. अकोल्यात कुणी पाहील म्हणून बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला गेलो. छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीशी धरला आणि म्हणाले, "क्षय आहे. बरा होतो. पण दीड वर्ष औषध घ्यायचं, एक दिवस न चुकता. महिन्या-दोन महिन्यांत बरं वाटायला लागेल, तेव्हाही सोडायचं नाही."

औषधं दोन. एक छोटी गोळी. आणि दुसरी पांढरी पूड, इतकी कडू आणि इतकी पुष्कळ, की ती तांदळाच्या पिठाच्या पातळ पापडीत भरून मिळायची. रुपयाएवढी गोल, फुगीर पापडी. पाण्यात भिजवली की गुळगुळीत होते आणि गिळायची. दिवसाला आठ. पहिल्या दिवशी मी एक चावली. त्यानंतर कधी चावली नाही.

महिन्याचं औषध महिन्याला मिळायचं. दर महिन्याला अमरावतीला जायचं तर कारण हवं. मी काकूंना सांगितलं, मुलगी बघायला जातो. काकू हरखल्या. माझा सदरा स्वतः इस्त्री करून दिला. संध्याकाळी परत आलो तर दारातच उभ्या.

"पसंत पडली?"

"नाही हो काकू. उंच आहे फार."

"उंच हाय तं चांगलंच हाय. तुमच्या कोकणात नारळ काढाले कामी येईन!"

पुढच्या महिन्यातली घाऱ्या डोळ्यांची निघाली. तिच्या पुढच्या महिन्यातली गाणारी.

"गाते? मंग बिघडलं काय?"

"पहाटे गाते."

"हे पाह्य कोकण्या," काकू म्हणाल्या, "तू काही राजपुत्र नाहीस. दोन फुंकरीत उडून जाशीन असा तू. तुले कोणी हाव म्हटलं तं तिचे पाय धर."

मी मान खाली घालून बटणांचा डबा बंद केला. औषधं त्याच डब्यात खाली असत, वर बटणं.

डॉक्टरांनी सांगितलेलं बाकी सगळं मी अक्षरशः पाळत होतो. खोकताना रुमाल, निजणं ओसरीवर उघड्या हवेत, थुंकीला झाकणाचा डबा. तीन महिन्यांत ताप गेला, वजन वाढलं, सदऱ्याचे टाके उसवले. आनंदानं मी महादेवाला नवस बोललो, की पुरता बरा कर, मी सोळा सोमवार कडक करीन. कडक म्हणजे आमच्याकडच्यासारखे, अन्नाचा कण नाही. तेवढ्यात श्रावण आला. सोमवार तर होतेच, त्यात शनिवार धरले. एकादशा आल्या. जन्माष्टमी आली. मी म्हटलं, आता आलोच आहोत तर सगळंच करू.

पहिल्या सोमवारी पापडी भिजवायला घेतली आणि हात थांबला. तांदळाचं पीठ! म्हणजे अन्न. एक नाही, आठ. उपासाला आठ पापड्या खाल्ल्या तर नवसाचं काय राहिलं? गोळीत मात्र पीठ दिसेना. म्हणून उपासाच्या दिवशी नुसती गोळी घ्यायची आणि पापड्या बाजूला ठेवायच्या, असा मी मार्ग काढला. आणि त्या पापड्या मी फुकट घालवल्या नाहीत. फुकट मिळालेलं औषध, ते वाया घालवायला मी काही कृतघ्न नव्हतो. कागदात नीट बांधून ठेवल्या, श्रावण संपल्यावर अमरावतीला नेल्या आणि मोठ्या अभिमानानं खिडकीतून आत सरकवल्या.

"हे काय होय?" कंपाउंडरांनी विचारलं.

"उरलेलं औषध. अठ्ठ्याऐंशी पापड्या. दुसऱ्या कुणा गरिबाला द्या."

"उरलं? कायचं उरलं?"

मी उपासाचं सांगितलं. गोळी चुकवली नाही, हेही सांगितलं, कारण त्याबद्दल शाबासकी मिळेल अशी माझी समजूत होती. त्यांनी खिडकी बंद केली. दार उघडून बाहेर आले आणि माझ्या दंडाला धरून मला आवारातल्या निंबाखाली नेलं.

"शेती पाहली कधी?"

"भात पाहिलाय."

"भात राहू दे. वखराले बैल किती लागते?"

"दोन."

"एक सोडला तं?"

"वखर वाकडा जाईल."

"वाकडा जाईन अन् दुसरा बैल मरन! दोन औषधं कायले देल्ली तुले? एकट्यानं वढत नाही म्हणून. तू अकरा दिवस एका बैलावर वावर वाहलं बे!" मग आवाज उतरला. "अन् ते जंतू कसे असते, सांगू? रानडुकरासारखे. अर्धवट मार खाल्लेलं डुक्कर पुढच्या खेपेले काठीले भेत नाही. मंग हे औषध तुले लागायचं नाही. दुसरं आमच्यापाशी नाही, समजलं?"

समजलं. इतकं समजलं की मी तिथेच खाली बसलो. तीन महिन्यांत वाढलेलं वजन एका क्षणात उतरलं असावं.

त्यांनी थुंकी घेतली. ती नागपूरला जाणार, औषध अजून लागू आहे की नाही ते दोन महिन्यांनी कळणार. "तवरक दोन्ही बैल. रोज."

"पण सोमवारी..." मी म्हणालो. भित्रा माणूस दोन्हीकडून भितो. "पापडी सोडून नुसती पूड घेतली तर?"

"घे." त्यांनी एक पापडी फोडून माझ्या तळहातावर पूड ओतली. मी तोंडात टाकली. पुढचं लिहीत नाही. निंबावरचे कावळे उडाले एवढंच सांगतो.

बाकावर एक भिक्षुक बसले होते. धोतर, उपरणं, कपाळाला गंध. ते इतका वेळ ऐकत होते. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"बाळ, मी पळीनं तीर्थ देतो. तीर्थ घेतलं म्हणजे पळी खाल्ली असं होतं का?"

"पण महाराज, पळी ताम्हनात परत जाते. पापडी पोटात जाते."

महाराजांनी शिक्षण विचारलं, मी म्हणालो, चौथीत शाळा सोडली. ते कंपाउंडरांकडे वळले. "शाळा सोडली याने? बरं झालं. वकील झाला असता तर जड गेलं असतं." मग मला म्हणाले, "औषधानं व्रत मोडत नाही. हे सांगणारे माझ्याहून फार जुने लोक होते. आणि तू महादेवापाशी मागितलंस काय?"

"आरोग्य."

"त्यानं दिलं, ते तू कागदात बांधून परत आणलंस."

असं म्हणून त्यांनी आपल्या पिशवीत हात घातला आणि एक डबा काढला. उघडला. आत माझ्यासारख्याच पापड्या. "एकादशीलासुद्धा आठ," ते म्हणाले, "संध्या झाली की केळं, दूध आणि मग या. रिकाम्या पोटी घेऊ नकोस, मळमळतं." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलोही. "माझ्या पडू नकोस," ते म्हणाले, "मीही पहिल्या चतुर्थीला यांच्या शिव्या खाल्ल्या आहेत."

औषध बांधून देताना कंपाउंडरांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. डोळे पिवळे दिसले, पाय मुंग्यांनी भरले, काही पोटात टिकेना झालं, तर आपल्या मनानं बंद करायचं नाही, इथं यायचं. आणि घरात एकाला तरी सांगायचं. "एकट्याचं डोकं असं चालते. पाह्यलं ना आता?"

पहिली गोष्ट मी ऐकली. दुसरी ऐकली नाही. ओसरी गेली, जेवण गेलं, तर जाणार कुठे? पुढच्या महिन्यात त्यांनी विचारलं, "सांगतलं?" मी म्हणालो, सांगतो. त्याच्या पुढच्या महिन्यात माझ्या जायच्या आधीच, एका दुपारी, धोतर, काळा कोट आणि टोपी अशा पोशाखात ते दुकानाच्या दारात उभे! गावी चालले होते, अकोल्याला मोटार बदलायची होती. मला नावानं विचारलं. काकूंनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि डोईवर पदर घेतला.

"या ना भाऊ, बसा. अमरावतीहून आले का? कोणती पोरगी तुमची? उंच, घाऱ्या डोळ्याची, का गाणारी?"

कंपाउंडरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मशिनीखाली पाय शोधत होतो.

"बाई, मले तिन्ही पोट्टेच हायेत," ते म्हणाले. मग मला, "मी काही सांगणार नाही. तुहं हाय, तू सांग."

मी सांगितलं. कोणत्या शब्दांत ते आठवत नाही. मास्तरांची मशीन थांबली एवढं आठवतं. काकू आत गेल्या. मी उठून वळकटी बांधायला घेतली, दोरीची गाठ बसेना. आतून काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, तो पाहुण्यापुढे ठेवला आणि उभ्याच राहिल्या.

"भाऊ, याच्या ताटावाटीनं होते का आम्हाले?"

"ताटानं नाही. खोकल्यानं होते, औषध नाही घेतलं तं. हा खोकताना रुमाल धरते, बाहेर निजते. औषध रोज पोटात गेलं पाह्यजे, बस. तुमी दोघंही एकदा फोटो काढून घ्या छातीचा, म्हंजे जिवाले घोर नाही."

काकूंनी मान हलवली. मग माझ्याकडे वळल्या.

"म्हंजे, एकही पोरगी नव्हती?"

"नाही काकू."

"मी तं अख्ख्या गल्लीले सांगून बसली! त्या गाणारीसाठी मी भांडली माह्या जावेसंग!" त्यांनी माझ्या हातातली दोरी ओढून घेतली. तो राग होता की दुसरं काही, मला कळलं नाही. "सोड ती वळकटी. कुठी जातं? चहा घे आधी."

दुसऱ्या दिवशीपासून सकाळ-संध्याकाळ दुकानात गिऱ्हाईक असो नसो, आतून हाक यायची, "कोकण्या, घेतलं का?" गिऱ्हाइकांना त्या सांगत, पित्ताचं औषध आहे. सोमवारी ताटात भगर, केळं आणि शेजारी वाटीत आठ पापड्या भिजत घातलेल्या. मी गिळत असताना त्या समोर बसायच्या आणि मोजायच्या. एकदा सातवर थांबलो तर म्हणाल्या, "बैल जुप." कंपाउंडर जाताना त्यांनाही बैलांचं सांगून गेले होते.

मास्तर आणि काकूंचे फोटो स्वच्छ आले. माझा नागपूरचा कागद आला त्या दिवशी मला खिडकीशी उभं राहवेना. कंपाउंडरांनी तो दोनदा वाचला, मुद्दाम हळू, असं मला अजून वाटतं. मग हसले.

"दोन्ही लागू हायेत. डुकरं भेऊन राहली अजून." मी रडायला लागलो तेव्हा रांगेकडे पाहून मोठ्यानं ओरडले, "काही नाही बाप्पा, ठेचा खाल्ला त्यानं!" आणि हळूच मला, "पण बुडवलेल्या दिवसांपायी डॉक्टरनं तीन महिने वाढवले. उपासाचं पारणं हाय, समज."

एकवीस महिने झाले तेव्हा शेवटची पापडी गिळली. फोटोत जिथं ढग होता तिथं एक बारीक रेघ राहिली आहे. आता मी अकोल्यातच माझ्या स्वतःच्या मशिनीवर बसतो. कंपाउंडर नोकरी संपवून अकोटपलीकडे आपल्या गावी राहतात, थंडीत शेकोटीशी बसतात असं ऐकतो. त्यांचा तो काळा कोट खांद्यात तंग होता, दारात उभे होते तेव्हाच मला दिसलं होतं. येत्या हिवाळ्यात जमलं तर, नाहीतर त्याच्या पुढच्या, चांगलं लोकरी कापड घेऊन मी त्यांच्या गावी जाणार आहे. ते नको म्हणतील, मोठ्यानं म्हणतील. मी ऐकणार नाही. तिथंच बसून माप घेईन, आणि हात मोकळे हलतील असा कोट त्यांच्या अंगावर चढल्याशिवाय परत यायचा नाही.